वैयक्तिक माहिती कशास म्हणावें ?

शाळेच्या कचेरींत, लोखंडी कपाटांत, दाखलखारीज रजिस्टर ठेविलेलें असतें. त्याच्या एकेका ओळींत विद्यार्थ्याचें संपूर्ण नांव, आईचें नांव, धर्म व जात, जन्मस्थळ, अंकीं व अक्षरीं लिहिलेली जन्मतारीख, पूर्वींची शाळा, प्रवेशाचा दिवस आणि शाळा सोडल्याचें कारण एवढ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. पण तिरोडा, आमगांव, गोरेगांव अशा तालुक्यांतील कित्येक शाळांचीं रजिस्टरें जिल्ह्याहून पुष्कळ जुनीं आहेत. आतां प्रश्न असा कीं, त्या ओळींतील माहिती कोणाची ? शाळेची, सरकारची, कीं ज्याच्याविषयीं ती लिहिली त्या मुलाची ? गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत जगांतील बहुतेक देशांनीं ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं कायदे केले आहेत, आणि त्या सर्वांत ‘वैयक्तिक माहिती’ ह्या दोन शब्दांची व्याख्या मुळाशीं आहे. व्याख्येंत जें बसतें त्याला संरक्षण मिळतें. जें बसत नाहीं तें उघड्यावर पडतें. व्याख्या हा विषय व्याकरणाच्या तासासारखा रुक्ष वाटतो खरा, तरी विद्यार्थी मित्रांनीं थोडा धीर धरून पुढें वाचावें, अशी विनंति आहे.

आमच्या राज्यघटनेंत ‘खाजगीपणा’ हा शब्द कोठेंहि नाहीं. १९५४ सालीं आठ न्यायाधीशांच्या व १९६२ सालीं सहा न्यायाधीशांच्या पीठानें असा हक्क घटनेनें दिलेला नाहीं अशा अर्थाचे उद्गार काढिले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें तें मत बाजूस सारून, खाजगीपणा हा जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. चौघांच्या वतीनें निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड यांनीं आणीबाणींतील १९७६ सालचा जो निकाल त्या ओघांत सदोष ठरविला, तो देणाऱ्यांत त्यांचे वडील न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड हेहि होते. पुत्रानें पित्याचें मत न्यायासनावरून खोडून काढल्याचें असें उदाहरण विरळा !

हा वाद उद्भवला तो आधार क्रमांकामुळें. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं आमच्याच राज्यांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली ह्या आदिवासी गांवीं दिले गेले. पुढें २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, शाळेंत प्रवेश मिळण्यासाठीं आधार सक्तीचें करतां येणार नाहीं. पालकांपैकीं पुष्कळांस ही गोष्ट अद्यापि ठाऊक नसते.

त्यानंतर संसदेनें २०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्यांतील व्याख्या फार लहान आहे. ज्या माहितीवरून, किंवा जिच्या संबंधानें, एखादी व्यक्ति ओळखतां येते, अशी त्या व्यक्तीविषयींची कोणतीहि माहिती म्हणजे वैयक्तिक माहिती. येथें सर्व भार ‘ओळखतां येते’ ह्या शब्दांवर आहे. नांव लिहिलेलें असलेंच पाहिजे असें नाहीं. समजा, देवरी तालुक्यांतील एखाद्या लहान गांवाविषयीं कोणी लिहिलें कीं, “यंदा दहावींत पहिली आलेली, आईवांचून आजीपाशीं राहणारी मुलगी.” ह्यांत नांव नाहीं, क्रमांक नाहीं, पण त्या गांवांत ती मुलगी कोण हें विचारावें लागणार नाहीं. तेंच वाक्य मुंबईसारख्या शहराविषयीं लिहिलें तर कोणाचाहि पत्ता लागणार नाहीं. म्हणजे तीच माहिती एका ठिकाणीं वैयक्तिक व दुसऱ्या ठिकाणीं निनांवी ठरूं शकते. लहान गांवांत राहणारांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

ह्या बाबतींत अमेरिकेंतील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९० नंतरच्या दशकांत मॅसॅच्युसेट्स संस्थानानें आपल्या नोकरांच्या औषधोपचारांच्या नोंदी संशोधकांच्या उपयोगासाठीं, नांवें काढून, खुल्या केल्या. लटान्या स्वीनी नांवाच्या विद्यार्थिनीनें मतदारांची यादी थोडें मूल्य देऊन विकत घेतली, दोहोंतील जन्मतारीख, स्त्री-पुरुष हा भेद व टपालाचा विभाग-अंक ताडून पाहिले, आणि खुद्द त्या संस्थानाच्या गव्हर्नराचें दुखणें शोधून काढिलें ! पुढें तिनें १९९० च्या जनगणनेवरून असें गणित मांडिलें कीं, ह्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेंतील शेंकडा ८७ लोक एकेकटे ओळखतां येतील. नांव खोडलें म्हणजे काम झालें, हा समज तेव्हांपासून मागें पडला.

युरोपांतील विचार ह्याहून जुना. जर्मनींतील हेसे प्रांतानें १९७० सालीं असा जगांतील पहिला कायदा केला आणि १९७३ सालीं स्वीडननें पहिला राष्ट्रीय कायदा केला. १५ डिसेंबर १९८३ रोजीं जर्मनीच्या घटना-न्यायालयानें जनगणनेच्या खटल्यांत एक मोठें मर्मभेदी वचन सांगितलें. संगणकाच्या युगांत क्षुल्लक अशी माहितीच उरलेली नाहीं, असें त्याचें तात्पर्य. एकेकटा कण निरुपद्रवी असतो. कण जोडून मनुष्याचें चित्र तयार होतें. सध्यां युरोपीय संघांत जो कायदा लागू आहे तो २०१६ सालीं संमत होऊन २५ मे २०१८ पासून अंमलांत आला. त्याची व्याख्या अशी कीं, ओळखलेल्या किंवा ओळखतां येण्याजोग्या मनुष्याशीं संबंध असलेली कोणतीहि माहिती वैयक्तिक होय.

‘संबंध असलेली’ हा शब्द किती लांब पोहोंचतो, तें परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरून दिसून येईल. आयर्लंडांत हिशेबनिसाच्या परीक्षेंत नापास झालेल्या एका उमेदवारानें आपली उत्तरपत्रिका ही आपली वैयक्तिक माहिती आहे, ती आपणांस दाखवावी, असा आग्रह धरिला. परीक्षा घेणारांनीं नकार दिला. सरकारी माहिती-आयुक्तानेंहि दाद दिली नाहीं. शेवटीं २० डिसेंबर २०१७ रोजीं युरोपीय न्यायालयानें निर्णय दिला कीं, उत्तरांत उमेदवाराचें ज्ञान, विचार करण्याची पद्धति व हस्ताक्षर हीं प्रगट होतात, म्हणून तीं उत्तरें त्याची वैयक्तिक माहिती आहेत. इतकेंच नव्हे तर परीक्षकानें समासांत केलेले शेरेहि, ते उमेदवाराविषयीं असल्यामुळें, त्याचेच. मात्र न्यायालयानें चतुराईनें एक गोष्ट जोडून ठेविली. चुकीची वैयक्तिक माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्या कायद्यांत आहे खरा, पण त्याच्या आधारानें चुकलेलीं उत्तरें मागाहून दुरुस्त करतां येणार नाहींत. (आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस हा भाग रुचणार नाहीं !)

ह्याच मुक्कामास आम्हीं भारतांत दुसऱ्या वाटेनें आधींच पोहोंचलों होतों. ९ ऑगस्ट २०११ रोजीं केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाविरुद्धच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याच्या अर्थानें ‘माहिती’ आहे व विद्यार्थ्यास ती पाहतां आली पाहिजे. युरोपानें ती माहिती ‘तुझी’ म्हणून दिली. आम्हीं ती ‘सार्वजनिक संस्थेपाशीं असलेली’ म्हणून दिली. फळ एकच, पण झाड निराळें. आणि झाड निराळें असल्याचा परिणाम काय होतो, तें पुढें येईल.

अमेरिकेंत सर्वांस लागू असा एकच मध्यवर्ती कायदा नाहीं. रुग्णांसाठीं १९९६ चा, तेरा वर्षांखालील मुलांसाठीं १९९८ चा, शाळेंतील नोंदींसाठीं १९७४ चा, अशी गोधडी आहे. ज्या ठिगळाखालीं माहिती येईल त्याप्रमाणें तिची व्याख्या. ओक्लाहोमा संस्थानांतील ओवासो येथील शाळेंत मुलें एकमेकांचे पेपर बदलून तपाशीत आणि गुण मोठ्यानें सांगत. ही रीत आमच्याकडेहि सर्रास आहे. एका आईनें तक्रार केली कीं, आपल्या मुलांचे गुण साऱ्या वर्गास कळतात. १९ फेब्रुवारी २००२ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें सांगितलें कीं, कायदा ‘शाळेनें जतन केलेल्या नोंदीं’पुरता आहे, आणि शेजारच्या बाकावरील मुलाच्या हातांतील कागद ही जतन केलेली नोंद नव्हे. आईचें दुःख खोटें नव्हतें. तें व्याख्येच्या बाहेर होतें इतकेंच. कॅलिफोर्नियानें मात्र १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या आपल्या कायद्यांत व्याख्या फार रुंद केली असून, व्यक्तीबरोबर ‘कुटुंबा’शीं जोडतां येणारी माहितीहि तींत घेतली आहे. आणि सिंगापूरच्या २०१२ च्या कायद्यांत एक शहाणपणाचा शब्दप्रयोग आहे : माहिती खरी असो वा नसो. खोटी माहितीहि मनुष्यास चिकटते आणि त्रास देते, हें त्या लिहिणाऱ्याला कळलें होतें.

आतां कपाटांतील रजिस्टराकडे वळूं. आमचा कायदा नांवाप्रमाणेंच ‘डिजिटल’ माहितीपुरता आहे. जी माहिती संगणकीय रूपांत घेतली, किंवा कागदावर घेऊन मागाहून संगणकांत भरली, तीच त्याच्या कक्षेंत येते. म्हणजे रजिस्टरांतील ओळ जोंवर शाईंत आहे तोंवर कायदा तिच्याकडे पाहत नाहीं; लिपिकानें तीच ओळ ‘सरल’ प्रणालींत चढविली कीं ती आंत आली. युरोपांत असें नाहीं. तेथें नांवांच्या वा क्रमांकाच्या अनुक्रमानें लावलेलें कागदी दप्तरहि कायद्याखालीं येतें. ज्या देशांत खेड्यापाड्यांतील निम्मा कारभार अद्यापि वह्यांतून चालतो, तेथें कागद वगळणें हें मला अपुरें वाटतें. कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकण्यास एक क्षण पुरतो.

मृतांच्या बाबतींत तर देशोदेशींचे कायदे परस्परांस पाठ करून उभे आहेत. युरोपीय कायदा जिवंतांपुरता. परंतु त्याच संघांतील डेन्मार्कनें मृत्यूनंतर दहा वर्षेंपर्यंत संरक्षण ठेविलें आहे. जपानच्या २००३ च्या कायद्यानें ‘जिवंत व्यक्ति’ असें शब्दांतच बांधून टाकिलें. आमच्या कायद्यानें मृतांविषयीं व्याख्येंत मौन धरून, आपल्या मागें आपले हक्क कोणीं चालवावे त्याचें नांव नोंदविण्याची सोय केली आहे. कोणी म्हणेल, मेलेल्या माणसाच्या माहितीचें काय घेऊन बसलांत ? महाराष्ट्रांत हा प्रश्न घरोघरचा आहे. जात-पडताळणीसाठीं अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा व इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो. म्हणून नातू आजोबांच्या शाळेंत जाऊन जुन्या रजिस्टराचा उतारा मागतो. आजोबांच्या त्या ओळीवर नातवाचें शिक्षण व नोकरी अवलंबून असते. ती ओळ आजोबांची वैयक्तिक माहिती, कीं नातवाचा पुरावा ? दोन्ही. आणि ती कोणाहि त्रयस्थास सहज मिळावी काय, हा प्रश्न त्यामुळेंच अवघड होतो.

जातीचा रकाना हा ह्या विषयांतील सर्वांत नाजूक भाग. युरोपीय कायद्यानें कांहीं माहिती विशेष जपण्याजोगी मानिली आहे : वंश, राजकीय मत, धर्मश्रद्धा, कामगार संघाचें सभासदत्व, प्रकृति, शरीराचे ठसे, लैंगिक जीवन. त्या यादींत जात नाहीं. असण्याचें कारणहि नव्हतें. आमच्या २०११ च्या नियमांनीं गुप्त संकेतशब्द, बँकेचा तपशील, आरोग्य, ठसे इत्यादि ‘संवेदनशील’ ठरविले, पण जात त्यांतहि नव्हती. जी यादी युरोपाच्या अनुकरणानें होते तींत आमचें दुखणें सांपडणार कसें ? मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश व १९९२–९३ च्या मुंबई दंगलींच्या चौकशीमुळें सर्वांस परिचित असलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनें २७ जुलै २०१८ रोजीं जो मसुदा सादर केला, त्यांत ‘जात किंवा जमात’ हे शब्द संवेदनशील माहितींत प्रथमच घातले गेले. २०१९ च्या विधेयकांतहि ते राहिले. २०२३ चा कायदा झाला तेव्हां मात्र संवेदनशील हा वर्गच काढून टाकण्यांत आला आणि सर्व माहिती एका मापाची ठरली. विद्यार्थ्याच्या वहीचा आकार आणि त्याची जात ह्यांस एकच तराजू ! साधेपणासाठीं हें केलें असें सांगतात. वर्गांत शिष्यवृत्तीच्या याद्या जातीनिशीं मोठ्यानें वाचल्या जातांना खालीं घातलेल्या माना ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हा साधेपणा पटणें कठीण आहे.

मुलांच्या वयाविषयींहि एकवाक्यता नाहीं. आमच्याकडे अठरा वर्षांखालील सर्व मुलें. त्यांच्या माहितीसाठीं पालकांची पडताळतां येईल अशी संमति हवी. अमेरिकेंत तेरा, युरोपांत सोळा, पण देशांस तेरापर्यंत खालीं येण्याची मोकळीक. संमति घेतली म्हणजे सर्व भागलें असेंहि नव्हे. स्वीडनमधील स्केलेफ्टिओ नगरपालिकेनें एका शाळेंत बावीस विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यानें थोडे आठवडे घेतली. संमति घेतलेली होती. तरी ऑगस्ट २०१९ मध्यें तेथील अधिकाऱ्यांनीं दोन लक्ष क्रोनरांचा दंड केला. कारण शाळेपुढें विद्यार्थी दुबळा असतो, त्याचा होकार खरोखर मोकळा म्हणतां येत नाहीं, आणि हजेरी साध्या रीतीनेंहि घेतां येते.

आतां एका निराळ्या प्रकारच्या कागदाकडे पाहूं. शेतकऱ्याचा सातबारा कोणासहि संगणकावर पाहतां येतो. त्यांत खातेदाराचें नांव, गट क्रमांक, क्षेत्र, पीक, आणि इतर हक्कांच्या रकान्यांत सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजाहि असतो. धानाच्या खरेदी-केंद्रावर हाच उतारा घेऊन आमचा शेतकरी उभा राहतो. अमुक मनुष्यावर कर्ज आहे, ही त्याची वैयक्तिक माहिती नव्हे काय ? युरोपांत उत्तर असें येईल कीं, ती उघड असली तरी वैयक्तिकच आहे व तिचा वाटेल तो उपयोग करतां येणार नाहीं. आमच्या कायद्यांत जी माहिती मनुष्यानें स्वतः, किंवा कायद्यानें बांधलेल्या दुसऱ्या कोणीं, जाहीर केली असेल तिला हा कायदा लागूच होत नाहीं. उघड आणि वैयक्तिक ह्यांस आम्हीं परस्परविरुद्ध मानिलें आहे. युरोपानें मानिलेलें नाहीं.

ह्या मानण्याचा खरा परिणाम माहिती अधिकारावर झाला, आणि त्याची कथा विदर्भांतूनच सुरू होते. गिरीश रामचंद्र देशपांडे यांनीं अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधि कार्यालयांत काम केलेल्या एका अधिकाऱ्याविषयीं माहिती मागितली होती : त्यास दिलेल्या नोटिसा, शिक्षा, त्याची मालमत्ता, मिळालेल्या भेटी, प्राप्तिकराचीं विवरणपत्रें. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठांतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. ३ ऑक्टोबर २०१२ रोजीं निकाल लागला कीं, नोकराचें काम हा मुख्यतः नोकर व मालक ह्यांच्यामधील विषय असून ही सर्व ‘वैयक्तिक माहिती’ आहे. मोठें लोकहित दाखविल्यावांचून ती देतां येणार नाहीं. त्या वेळीं २००५ च्या कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्यें निदान चाळणी तरी होती : जिचा सार्वजनिक कार्याशीं संबंध नाहीं, किंवा जिच्यामुळें खाजगीपणावर अकारण आक्रमण होईल, अशीच माहिती नाकारावी, आणि जी विधिमंडळास नाकारतां येत नाहीं ती कोणासहि नाकारूं नये.

२०२३ च्या कायद्यानें ही चाळणी काढून टाकिली व ‘वैयक्तिक माहितीशीं संबंधित’ एवढेंच शब्द ठेविले. वर सांगितलेली व्याख्या येथें लावून पाहा. रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपटांत मजुराचें नांव, दिवस व मजुरी असते. ही उघड उघड वैयक्तिक माहिती. पण हजेरीपट ग्रामसभेंत वाचला गेला म्हणजेच मेलेल्या मनुष्याच्या नांवें किंवा गांव सोडून गेलेल्याच्या नांवें उचललेली मजुरी उघडकीस येते. मजुराचें संरक्षण म्हणून केलेली व्याख्या मजुराच्याच मजुरीवर डल्ला मारणाऱ्याची ढाल होऊं शकते. आणखी एक गोष्ट मनाला खटकते. कायद्याचे नियम १४ नोव्हेंबर २०२५ रोजीं राजपत्रांत प्रसिद्ध झाले, तेव्हां माहिती अधिकारांतील हा बदल त्याच दिवशीं अंमलांत आला. नागरिकांस संमति, दुरुस्ती व माहिती पुसून टाकणें ह्यांचे हक्क देणारीं मुख्य कलमें मात्र त्यानंतर अठरा महिन्यांनीं, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यांत, लागू व्हावयाचीं ठरलीं. झांकण आधीं आलें, भांडें मागाहून !

तरीहि एक दार उघडें आहे. माहिती अधिकार कायद्याचें कलम ८(२) बदललेलें नाहीं. माहिती प्रगट केल्यानें साधणारें लोकहित हें होणाऱ्या हानीपेक्षां अधिक असेल तर, माहिती नाकारण्याजोगी असली तरी सार्वजनिक प्राधिकरण ती देऊं शकतें, असें तें सांगतें. म्हणून अर्ज करणारानें पहिल्याच अर्जांत ह्या कलमाचा उल्लेख करून, कोणतें लोकहित साधणार आहे तें दोन वाक्यांत लिहावें. हजेरीपट मागावयाचा असेल तर कामाचें नांव, आठवडा व ग्रामपंचायत नमूद करावी. आणि मजुरांचे बँक-खात्यांचे व आधारचे क्रमांक आपणांस नकोत, ते झांकून प्रत द्यावी, असें स्वतःच लिहून द्यावें. कायद्याच्या दहाव्या कलमांत असा भाग वगळून उरलेली माहिती देण्याची तरतूद पहिल्यापासून आहे.